दिवसा बिळात, रात्री सालीवर

पेरूच्या किंवा शेवग्याच्या खोडावर, विशेषतः फांद्यांच्या बेचक्यात, तपकिरी भुशाची नागमोडी पट्टी चिकटलेली आपण पुष्कळदा पाहतो. मुले विचारतात, "सर, ही वाळवी का?" काडीने पट्टी उचलून पाहू या. वाळवीचा लेप मातीचा असतो. इथे मात्र सालीचा चुरा आणि विष्ठेच्या बारीक गोळ्या रेशमी धाग्यांनी एकत्र विणलेल्या दिसतात. वाळवी रेशीम विणत नाही. तेव्हा हे काम एखाद्या अळीचे असले पाहिजे.

ही 'साल खाणारी अळी'. तिच्यापासून होणाऱ्या पतंगाचे शास्त्रीय नाव इंडरबेला क्वाड्रिनोटाटा. आंबा, बोर, डाळिंब, संत्रा ही झाडेही तिला चालतात.

पट्टीजवळ खोडात एक भोक सापडते. ते पाहून अळी लाकूड खात असावी असे वाटते. पण भोक हे तिचे घर आहे, अन्न नव्हे. दिवसा ती आत लपते आणि रात्री पट्टीच्या आडोशाने बाहेर येऊन साल कुरतडते.

साल गेली तर झाडाचे काय बिघडते? पाणी वर नेणाऱ्या जलवाहिन्या लाकडात असतात, म्हणून पाने काही काळ हिरवीच राहतात. पण पानांतले अन्न खाली नेणाऱ्या रसवाहिन्या सालीच्या आतल्या थरात असतात. त्या तुटल्या की मुळांची उपासमार होते. झाड खंगते, फळे कमी धरतात. लहान फांदीची साल सभोवार गेली तर ती वाळते.

मादी उन्हाळ्याच्या अखेरीस सालीच्या भेगांत अंडी घालते. ८ ते १० दिवसांत अळ्या बाहेर पडतात. अळीची अवस्था ९ ते १० महिने चालते, कोषाची ३ ते ४ आठवडे. पतंग मात्र थोडेच दिवस जगतो. म्हणजे वर्षाला एकच पिढी.

आता एक प्रयोग. संध्याकाळी सर्व पट्ट्या ब्रशने साफ करा आणि भोकांजवळ खडूने खुणा करा. पुढच्या काही दिवसांत जिथे ताजा भुसा दिसेल, तिथे अळी आहे. अशा भोकात तार घालून अळी मारावी आणि तोंड चिखलाने लिंपावे. बागायतदार रॉकेलचा बोळाही घालतात. ते काम मुलांकडे देऊ नये.

झाडावर वरवर फवारलेले औषध या अळीवर फारसे का चालत नाही? उत्तर मुलांनाच शोधू द्या.