म्युऑन : स्फटिकातील चुंबकत्वाचा क्षणजीवी साक्षीदार

लोखंडाचा तुकडा चुंबकाला चिकटतो, कारण त्यातील असंख्य अणूंची सूक्ष्म चुंबकत्वे एका दिशेला वळतात. सर्वच स्फटिकांत मात्र हा कारभार इतका सरळ नसतो. काहींमध्ये शेजारचे अणू परस्परविरुद्ध दिशांना तोंड करतात, काहींमध्ये ते वाटेल त्या दिशेला गोठून जातात, तर काहींमध्ये अतिशीत तापमानातही त्यांची चुळबूळ थांबत नाही. बाहेरून पाहता या तिन्ही प्रकारांत चुंबकत्व जवळजवळ जाणवत नाही. त्यांच्यातील भेद ओळखण्यासाठी शास्त्रज्ञ म्युऑन या मूलकणाची मदत घेतात.

कार्ल अँडरसन आणि सेठ नेडरमेयर यांना १९३६ मध्ये वैश्विक किरणांत आढळलेला हा कण इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०७ पट जड असून त्याचे सरासरी आयुष्य अवघे २.२ मायक्रोसेकंद आहे. स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर संस्था, ब्रिटनमधील आयसिस, कॅनडातील ट्रायम्फ आणि जपानमधील जे-पार्क येथे कणत्वरकांच्या साह्याने धनभारित म्युऑनचे झोत निर्माण केले जातात. झोतातील जवळजवळ सर्व म्युऑनची फिरकी, म्हणजेच स्पिन, एकाच दिशेला असते.

स्फटिकात शिरलेला म्युऑन अणूंमधील मोकळ्या जागी स्थिरावतो आणि तेथील चुंबकीय क्षेत्रामुळे त्याची फिरकी भोवऱ्याप्रमाणे डोलू लागते. विघटनाच्या वेळी बाहेर पडणारा पॉझिट्रॉन प्राधान्याने फिरकीच्या दिशेने जातो. असे लक्षावधी पॉझिट्रॉन मोजले, की आतील चित्र उलगडते. अणूंची मांडणी शिस्तबद्ध असेल, तर नोंदींमध्ये ठरावीक लय दिसते. दिशा अस्ताव्यस्त पण गोठलेल्या असतील, तर लय हरपते; तरीही सुमारे एक-तृतीयांश संकेत टिकून राहतो. क्षेत्र सतत बदलत असेल, तर तोही हळूहळू विरतो.

हर्बर्टस्मिथाइट या तांबे-जस्तयुक्त खनिजाबाबत ही पद्धत निर्णायक ठरली. त्यातील तांब्याचे अणू जपानी बांबूच्या टोपलीच्या विणीसारख्या त्रिकोणांत बसलेले असतात. प्रत्येकाला शेजाऱ्याच्या विरुद्ध दिशा हवी असते. पण त्रिकोणात दोघांचे जमले, की तिसऱ्याची कोंडी होते. २००७ मध्ये फिलिप मेंडेल्स व सहकाऱ्यांनी हे द्रव्य ०.०५ केल्विनपर्यंत थंड करून म्युऑनद्वारे तपासले. तेथेही अणूंची चुंबकत्वे गोठलेली आढळली नाहीत. फिलिप अँडरसन यांनी १९७३ मध्ये कल्पिलेल्या ‘क्वांटम स्पिन द्रवा’च्या शोधातील तो महत्त्वाचा पुरावा ठरला.

अर्थात, या साक्षीदारालाही मर्यादा आहेत. म्युऑन स्फटिकात नेमका कोठे थांबला, हे बहुधा गणिताने ठरवावे लागते. शिवाय स्वतःच्या विद्युतभाराने तो आजूबाजूच्या अणूंना किंचित हलवतो. त्यामुळे संपूर्ण मांडणीचा आराखडा देणाऱ्या न्यूट्रॉन प्रयोगांशी त्याची साक्ष पडताळून पाहिली जाते. मात्र चुंबकत्व खरोखर शांत झाले आहे, की केवळ तसे भासते आहे, याचा निवाडा करताना म्युऑनच्या या अल्पायुषी साक्षीला मोठे मोल असते.