चार बाइटांचा प्रश्न : व्हर्च्युअल लॅनवरील दीर्घ फ्रेम

संगणकांच्या जाळ्यातील काही दोषांत यंत्र बिघडलेले नसते. एकाच संज्ञेचा अर्थ दोन ठिकाणी निरनिराळा घेतलेला असतो. भाषेच्या अभ्यासकास असे दोष अपरिचित नाहीत. व्हर्च्युअल लॅनवर प्रमाणाबाहेर लांब ठरणाऱ्या फ्रेमचा दोष बहुतांशी याच जातीचा आहे. त्याचे स्वरूप येथे स्पष्ट करावयाचे आहे.

इथरनेटची मूळ फ्रेम अधिकात अधिक १५१८ बाइटांची असते. ग्राहक व प्रेषक यांच्या पत्त्यांचे १२, प्रकारनिर्देशाचे २, मजकुराचे १५०० आणि अखेरच्या पडताळणीचे ४ असा तिचा हिशेब आहे. एकाच तारेवरून अनेक व्हर्च्युअल लॅन चालवावयाची, तर फ्रेम कोणत्या लॅनची हे तिच्यावरच नोंदविले पाहिजे. यासाठी आयईईईच्या १९९८ मधील ८०२.१क्यू या मानकाने पत्त्यांच्या लगेच पुढे ४ बाइटांचा टॅग घालण्याची योजना केली. व्याकरणाच्या परिभाषेत हा उपसर्ग नव्हे की अंत्यप्रत्यय नव्हे. तो मध्यप्रत्यय होय. त्यामुळे मजकूर तेवढाच राहतो, परंतु फ्रेम १५२२ बाइटांची होते. त्याच वर्षी ८०२.३एसी या दुरुस्तीने ही वाढ मान्य केली.

अडचण उद्भवते ती १५१८ हीच अंतिम मर्यादा मानणाऱ्या सामग्रीत. असा स्विच वाढलेली फ्रेम अतिदीर्घ म्हणून टाकून देतो. कित्येकदा नेटवर्क कार्ड समर्थ असते. परंतु ड्रायव्हरने त्यास दीर्घ फ्रेम स्वीकारण्याची आज्ञाच दिलेली नसते.

याचा परिणाम चकविणारा असतो. दूरच्या संगणकात प्रवेश मिळतो, लहान आज्ञा चालतात; पण एखाद्या बोलीच्या ध्वनिमुद्रणाची मोठी फाइल पाठवू लागताच काम थबकते. राउटर असता, तर पॅकेट मोठे असल्याचे त्याने प्रेषकास कळविले असते. स्विच खालच्या स्तरावर काम करतो. तो फ्रेमचे तुकडे करीत नाही आणि प्रेषकास काही कळवीतही नाही. दोन्ही टोकांचे संगणक १५०० बाइट चालतात असे धरून तीच फ्रेम पुनःपुन्हा पाठवितात आणि ती पुनःपुन्हा हरवते.

परीक्षा सोपी आहे. तुकडे करण्यास मनाई करून पिंग पाठवावा. १४६८ बाइटांचा मजकूर जातो आणि १४७२ बाइटांचा अडतो, असे दिसल्यास टॅगच्या चार बाइटांवरच संशय घ्यावा. कारण १४७२ मध्ये शीर्षकांचे २८ मिळविले की बरोबर १५०० होतात.

खरा उपाय म्हणजे ड्रायव्हर व स्विच यांची मर्यादा वाढविणे. ते शक्य नसल्यास मजकुराची मर्यादा, म्हणजे एमटीयू, १४९६ करावी. फ्रीबीएसडी प्रणालीत कार्डाच्या ड्रायव्हरने दीर्घ फ्रेमची क्षमता जाहीर केली नसेल, तर व्हीलॅनपुरती हीच मर्यादा ठेवली जाते. मात्र ही घट त्या व्हीलॅनवरील प्रत्येक यंत्रावर झाली पाहिजे. एक यंत्र १५०० वर राहिले तरी दोष परततो.

मर्यादा वाढवितानाही आकडा कशाचा, हे पाहावे लागते. सिस्कोच्या आयओएस प्रणालीत इथरनेटची एमटीयू १५०० लिहितात, जुनिपरच्या यंत्रांत १५१४. दुसऱ्या आकड्यात शीर्षकाचे १४ बाइट धरलेले असतात, एवढाच भेद. दुहेरी टॅग लावल्यास फ्रेम १५२६ वर जाते. २००६ मधील ८०२.३एएस या दुरुस्तीने अशा वेष्टनांसाठी २००० बाइटांपर्यंत मुभा दिली. सुमारे ९००० बाइटांच्या जंबो फ्रेमला मात्र आयईईईच्या मानकात स्थान नाही. तेथे प्रत्येक निर्मात्याचा आकडा स्वतंत्र आहे.

यास्तव प्रयोगशाळेच्या नोंदवहीत केवळ आकडा लिहून भागत नाही. त्यात शीर्षक, टॅग व पडताळणी यांपैकी काय मोजले आहे, हेही त्याच ओळीत नोंदविले पाहिजे.