रात्रीच्या आकाशाचें छायाचित्र

मृगावर पेरणी करणाऱ्या कृषिबंधूंस तें नक्षत्र त्या दिवसांत दिसत नाहीं, कारण तेव्हां सूर्यच त्यांत असतो. त्याचें छायाचित्र घेण्यास मार्गशीर्ष अमावास्येची रात्र उत्तम. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवून भिंग पूर्ण उघडावें व पडदा सुमारें १५ सेकंद खुला ठेवावा. पृथ्वी तासाला १५ अंश फिरत असल्यानें अधिक वेळांत ताऱ्यांच्या रेषा उमटूं लागतात.

मात्र यास काळोख हवा, आणि तो दिव्यांच्या झोतानें विरळ होत आहे. नागपूर जिल्ह्यांतील पेंच व्याघ्रप्रकल्पास २०२४ सालीं, काळोख राखणारें भारतांतील पहिलें उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. आपणहि खळ्यावरील दिव्यास वरून झांकण घालावें व काम संपतांच तो मालवावा. खर्च अल्प आहे. न केल्यास पुढील पिढीस मृग केवळ पंचांगांत पाहावा लागेल.