ऑपरेशनच्या आधीचा व्यायाम, मोबाइलवरून

दिवाळीनंतर मंडईचे दिवस आले की सालेकसा तालुक्यात गावोगाव कबड्डीचे सामने रंगतात आणि आमच्या ओपीडीत सुजलेले गुडघे येऊ लागतात. गेल्या हंगामात असाच एक तरुण चढाईपटू आला. पकडीतून निसटताना पाय रुतला, गुडघा पिरगळला, आत ‘कट्’ आवाज झाला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे मांडीचे आणि नडगीचे हाड बांधून ठेवणारा आतला अस्थिबंध, तुटलेला निघाला. ‘‘साहेब, ऑपरेशन लवकर करून द्या,’’ एवढेच त्याचे म्हणणे.

ही घाई नडते. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, तर पुढे तो पूर्ण सरळ न होण्याचा धोका वाढतो. शिवाय सुजेमुळे मांडीचा पुढचा स्नायू नीट आवळत नाही आणि बघता बघता वाळतो. म्हणून आधी सूज उतरवायची, गुडघा सरळ करायचा, मांडी भरून आणायची. नॉर्वेतील ऑस्लो आणि अमेरिकेतील डेलावेअर इथल्या ज्या रुग्णांनी असा व्यायाम आधी केला, त्यांचे गुडघे शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनीही अधिक चांगले काम करताना आढळले.

पण आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीसाठी गोंदियाला जायचे, तर ऐन धान कापणीत मजुरी बुडते. इथे मोबाइल कामाला येतो. व्यायामाची अ‍ॅप आहेत. ती आठवण देतात, मोजणी करतात, दुखणे किती ते विचारतात. मला त्याहून साधा उपाय आवडतो. फिजिओथेरपिस्टने एकदा प्रत्यक्ष तपासून, रुग्णाच्याच पायाचा व्हिडिओ त्याच्याच फोनमध्ये काढून द्यायचा. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबणे, टाच सरकवत गुडघा वाकवणे, पाय ताठ ठेवून उचलणे. घरी केलेल्याचा व्हिडिओ परत पाठवायचा. आमच्याकडे रेंज दगा देते, पण फोनमधला व्हिडिओ रेंज मागत नाही.

एक मात्र फोनला कळत नाही. गुडघा मध्येच अडकत असेल, तर आतली गादी फाटून सांध्यात अडकलेली असू शकते. तेव्हा जोर लावून सरळ करू नये, लगेच दाखवावे. पोटरी सुजून दुखू लागली, तरीही थांबू नये.

तीन आठवड्यांनी तो पोरगा आला. पालथे झोपवून, पाय पलंगाबाहेर ठेवून दोन्ही टाचा पाहिल्या. दुखरी टाच एक सेंटिमीटर वर, म्हणजे सुमारे एक अंश बाकी. आधी चार बोटे होती. मग मी सर्जनला फोन लावून तारीख मागितली.