खासदारांचा आठवडा कसा जातो? आणि आपण त्यांच्याकडे नेमकं काय मागावं?

११ डिसेंबर २०२३, सोमवार. आमच्या वस्तीवरची डीपी जळून चार दिवस झाले होते. उन्हाळ कांद्याच्या रोपांना पाणी द्यायचं कसं, म्हणून आम्ही चौघं मोटारसायकली काढून खासदारांच्या संपर्क कार्यालयात गेलो. "साहेब दिल्लीला आहेत, अधिवेशन चालू आहे," पीए म्हणाले. अर्ज दिला, पोच घेतली, चहा पिला आणि "निवडून आले की तोंड दाखवत नाहीत" असं बोलत परत आलो.

डीपी शेवटी तालुक्याच्या वीज कार्यालयातूनच बदलून मिळाली. पण खरी गोष्ट वेगळीच आहे. तीनच दिवस आधी, ८ डिसेंबरला, केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली होती. नाशिक जिल्ह्यात लिलाव थांबले होते, चांदवडला शेतकरी हायवेवर बसले होते. आम्हा चौघांचाही लाल कांदा काढणीला आला होता. आणि निर्यातीचा विषय ज्या माणसाने दिल्लीत मांडायचा, त्याच्याच ऑफिसात जाऊन आम्ही अर्ज दिला तो डीपीचा! कांद्याबद्दल एक ओळही लिहिली नाही.

म्हणून मंडळी, खासदारांचा आठवडा कसा असतो ते आपण समजून घेतलं पाहिजे. कोणत्या पक्षाचे आहेत ते बाजूला ठेवा. काम सगळ्यांचं सारखंच आहे.

सोमवार ते शुक्रवार: संसद

वर्षात साधारण तीन अधिवेशनं होतात: अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी. लोकसभेत ५४३ खासदार, त्यात महाराष्ट्राचे ४८. सकाळी ११ ते १२ प्रश्नोत्तराचा तास असतो. खासदार सरकारला थेट जाब विचारू शकतो तो याच तासात.

प्रश्न दोन प्रकारचे. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात उभं राहून उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतो. असे दिवसाला २० प्रश्न यादीत असतात, पण वेळ पुरतो तो पाच-सहांनाच. बाकीच्यांना लेखी उत्तर. अतारांकित प्रश्न दिवसाला २३० असतात, त्यांचं उत्तर लेखीच मिळतं. लेखी म्हणजे कमी दर्जाचं समजू नका. पीकविम्याचे किती अर्ज आले, किती पैसे वाटले, कांदा किती निर्यात झाला, ही आकडेवारी सरकारकडून अधिकृतपणे बाहेर येते ती बहुतेक वेळा अशाच उत्तरातून.

आता महत्त्वाचं. प्रश्नाची नोटीस किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. प्रत्येक खात्याचा वारही ठरलेला असतो. जास्त नोटिसा आल्या तर चिठ्ठी काढून क्रम लागतो. म्हणजे आज भाव पडला आणि उद्या खासदाराने प्रश्न विचारला, असं होत नाही. तातडीचा विषय असेल तर प्रश्नोत्तराच्या तासानंतर शून्य प्रहरात मांडता येतो. शिवाय नियम ३७७ आहे. त्याखाली खासदार आपल्या भागाचा विषय थोडक्यात मांडतो आणि संबंधित खात्याने त्याला लेखी उत्तर द्यावं अशी अपेक्षा असते.

शुक्रवारी दुपारनंतरचा वेळ खासगी विधेयकांचा. मंत्री नसलेला कुठलाही खासदार स्वतःचं विधेयक मांडू शकतो. दोन्ही सभागृहांत मंजूर झालेली अशी विधेयकं आजवर फक्त १४, आणि शेवटचं १९७० सालचं. त्यामुळे "साहेबांनी विधेयक मांडलं" अशी पोस्ट आली की कायदा झाला असं समजू नका. पण विषय रेकॉर्डवर येतो, सरकारला त्यावर बोलावं लागतं, एवढा उपयोग नक्की आहे.

टीव्हीवर आपल्याला गोंधळ दिसतो. त्यात सगळ्यात आधी बुडतो तो ११ वाजताचा प्रश्नोत्तराचा तास. गोंधळ कोणाचाही असो, वाया जातो तो आपल्या प्रश्नाचा नंबर.

समित्या: कॅमेऱ्यामागचं काम

संसदेत खात्यानुसार २४ स्थायी समित्या आहेत. एकेका समितीत ३१ खासदार, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. सगळ्या पक्षांचे लोक एकत्र बसतात, खात्याच्या सचिवांना बोलावून खर्चाचा हिशेब विचारतात, अहवाल देतात. बैठका बंद दाराआड होतात, त्यामुळे तिथे भाषणबाजी कमी आणि काम जास्त. आपला खासदार कृषीच्या समितीत आहे, वाणिज्यच्या की रेल्वेच्या, हे गावात कितीजणांना माहीत आहे? मला स्वतःला परवापर्यंत माहीत नव्हतं.

परदेश दौरा: फिरायला की कामाला?

"साहेब फॉरेनला गेले" म्हटलं की पारावर हसू येतं. पण काही दौरे देशाचं काम असतं. ऑपरेशन सिंदूरनंतर मे २०२५ मध्ये सरकारने सर्वपक्षीय खासदारांची सात शिष्टमंडळं वेगवेगळ्या देशांत पाठवली. त्यातल्या दोघांचं नेतृत्व महाराष्ट्राच्या खासदारांकडे होतं. बारामतीच्या सुप्रिया सुळे कतार, दक्षिण आफ्रिका, इथिओपिया आणि इजिप्तला गेल्या. कल्याणचे श्रीकांत शिंदे यूएई, काँगो, सिएरा लिओन आणि लायबेरियाला गेले. एक विरोधी पक्षातल्या, एक सत्ताधारी बाजूचे. बाहेर मात्र देशाची बाजू एकच मांडायची. ही पद्धत नवीन नाही. १९९४ मध्ये नरसिंह राव पंतप्रधान असताना काश्मीर प्रश्नावर जिनिव्हाला गेलेल्या शिष्टमंडळाचं नेतृत्व विरोधी पक्षनेते अटलबिहारी वाजपेयींकडे दिलं होतं.

मात्र एक लक्षात ठेवा. परदेशाशी करार, आयात-निर्यातीचे निर्णय सरकार करतं, एकटा खासदार नाही. खासदाराचं काम त्यावर प्रश्न विचारण्याचं आहे.

शनिवार-रविवार: मतदारसंघ

महाराष्ट्रात एका लोकसभा मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात. मतदार सरासरी १९ लाखांच्या आसपास. दोन दिवसांत लग्नं, दहावे, उद्घाटनं, सप्ते. आपण म्हणतो वेळ देत नाहीत, आणि आपणच तो वेळ फेटे बांधण्यात घालवतो.

खासदार निधी वर्षाला ५ कोटी. हे पैसे खासदाराच्या हातात येत नाहीत. ते काम सुचवतात, मंजुरी आणि पैसे देणं जिल्हा प्रशासनाकडे. यातला किमान १५ टक्के निधी अनुसूचित जातींच्या आणि ७.५ टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी सुचवावा लागतो. आता हिशेब करा: ५ कोटी भागिले १९ लाख. माणशी वर्षाला २६ रुपये. या २६ रुपयांतल्या सभामंडपासाठी आपण वर्षभर चकरा मारतो. आणि कांद्याचं काय झालं? ४ मे २०२४ ला निर्यातबंदी उठली, पण टनामागे ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लागलं. सप्टेंबरमध्ये ते शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून हटलं. यातला एकेक निर्णय आपल्या एका ट्रॉलीमागे २६ रुपयांच्या कितीतरी पट पैसे फिरवतो.

मतदारसंघातलं आणखी एक मोठं काम म्हणजे 'दिशा' समिती. जिल्ह्यातल्या केंद्राच्या योजनांचा, म्हणजे घरकुल, जलजीवन, ग्रामसडक वगैरेंचा, आढावा ही समिती घेते. अध्यक्ष खासदार, सदस्य सचिव जिल्हाधिकारी. दर तीन महिन्यांनी बैठक व्हायला पाहिजे. नळाला पाणी नसताना योजना कागदावर पूर्ण दिसत असेल, तर तो विषय तिथे घ्यायला लावा.

कोणतं काम कोणाकडे?

- गटार, गल्लीतला दिवा, गावातलं पाणी: ग्रामपंचायत.
- डीपी, शेतीची वीज: तालुक्याचं वीज कार्यालय, तिथे नाही झालं तर आमदार.
- सातबारा, पंचनामा: तलाठी, तहसील.
- निर्यात, हमीभाव, रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, पीकविम्याचे केंद्राचे नियम: खासदार.

अडचणीत माणूस कोणाचाही दरवाजा वाजवतो, ते चुकीचं नाही. खासदारांचा एक फोन वीज कार्यालयात कामाला येतो हेही खरं. पण फोन कोणीही करू शकतो. लोकसभेत प्रश्न मात्र १९ लाखांमधून एकच माणूस विचारू शकतो. खासदार स्वतः मंत्री असतील तर ते प्रश्न विचारत नाहीत, उत्तर देतात. मग शेजारच्या मतदारसंघाच्या किंवा राज्यसभेच्या खासदाराला गाठा.

मोबाईलवर संसद डॉट इन उघडा. तुमच्या खासदारांनी कोणते प्रश्न विचारले, काय उत्तर आलं, सगळं तिथे दिसतं. अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की लगेच, १५ दिवसांचा हिशेब धरून, गावातल्या दहा जणांच्या सह्यांचा एका पानाचा अर्ज द्या. विषय एकच, आकड्यासह. आणि अधिवेशन संपल्यावर विचारा: आमच्या प्रश्नाचं काय झालं?

त्या दिवशीच्या अर्जाची पोच माझ्याकडे अजून आहे. विषय लिहिलाय, 'डीपी बदलून मिळणेबाबत'. पुढच्या अर्जावर विषय कांदा निर्यातीचा असेल. चौघांच्याही सह्या आधीच घेऊन ठेवल्यात.