क्षमा मागावी, पण देणेही फेडावे



आमच्या गुलबर्गा जिल्ह्यात नाताळचा सण आणि तुरीचे पीक ही दोन्ही जवळजवळ एकाच वेळी घरी येतात. जून-जुलैत पेरलेली तूर डिसेंबर-जानेवारीत काढणीस येते. खळ्यावर रास पडते, पोती शिवली जातात आणि गाड्या शहरातील गंजाकडे वळतात. २०१४ साली या शहराचे अधिकृत नाव कलबुर्गी झाले. २०१९ साली येथील तुरीच्या डाळीस भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु काट्यापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाचे मन मात्र पूर्वीचेच आहे. पिकाचा हिशेब पुरा होतो न होतो तोच राखेचा बुधवार येतो आणि ख्रिस्तसभा माता आपणांस दुसरा हिशेब मांडावयास सांगते. हे दोन हिशेब परस्परांहून फारसे निराळे नाहीत, हे आम्हांस फार उशिरा कळले. ते कसे कळले, ती आमची स्वतःचीच गोष्ट आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आम्ही तेव्हा सतरा वर्षांचे होतो. वडील अंथरुणास खिळलेले, म्हणून तुरीची पोती घेऊन प्रथमच एकटे गंजात गेलो. लिलाव झाला, वजन झाले, आणि अडतीवरील दिवाणजींनी पट्टी लिहून आमच्या हाती नोटा ठेवल्या. बाहेर येऊन मोजतो तो पट्टीपेक्षा पन्नास रुपये अधिक! त्या काळी पन्नास रुपये म्हणजे मजुराची बऱ्याच दिवसांची कमाई. आम्ही क्षणभर थबकलो. मग मनाने वकिली आरंभिली: 'शेतकऱ्याला काय सारे थोडे लुबाडतात? एकदा शेतकऱ्याकडे चार पैसे अधिक आले तर बिघडले कोठे? आणि आपण काही चोरले नाही, त्यांनीच दिले.' त्या पैशांतून आम्ही आईसाठी लुगडे घेतले. ते लुगडे ती मोठ्या कौतुकाने पास्काच्या मिस्साला नेसत असे, आणि लेकाने घेतले म्हणून शेजारणींना सांगत असे. ती सांगू लागली की आम्ही तेथून उठून जात असू.

पुढे आम्ही हे पाप पापनिवेदनात सांगितले नाही असे नाही. 'फादर, मी एकदा चोरी केली' एवढे घाईघाईने म्हणावे, सांगितलेला जप करावा आणि घरी यावे. एकदा नव्हे, तीनदा सांगितले. मन हलके होई, पण चार दिवसच. अखेर एका उपवासकाळात एका वृद्ध धर्मगुरूंनी आम्हांस शांतपणे विचारले, "बाळा, ते पैसे आता कोणाकडे आहेत?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. इतकी वर्षे आम्ही देवाकडे क्षमा मागत होतो, आणि ज्याचे घेतले त्याची आठवणही करीत नव्हतो!

धर्मगुरूंचा तो प्रश्न त्यांच्या पदरचा नव्हता. तो ख्रिस्तसभेचा प्राचीन प्रश्न आहे. मोशेच्या नियमशास्त्रात अन्यायाने घेतलेले धन परत करताना वर पाचवा हिस्सा द्यावा, अशी आज्ञा आहे. चोरलेले मेंढरू कापले अथवा विकले असेल तर त्याऐवजी चार मेंढरे द्यावीत, असाही नियम आहे. यरीहो नगरीचा जकातदार जक्कय प्रभू येशूस पाहण्यासाठी झाडावर चढला, ही कथा आपली मुलेबाळेही जाणतात. परंतु प्रभू घरी आल्यावर तो काय बोलला, तिकडे आपले लक्ष थोडे कमी जाते. अर्धे धन गोरगरिबांना, आणि ज्यांना फसविले त्यांना चौपट, असा हिशेब त्याने उभ्या उभ्या सांगितला. त्यावर प्रभूने त्या घराचे तारण झाल्याचे जाहीर केले. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथातही हीच शिकवण आहे: पापक्षमेने पाप धुतले जाते, परंतु पापाने जी मोडतोड झाली ती आपोआप सांधली जात नाही. चोरलेले परत करावे लागते, आणि कोणाचे नाव बिघडविले असेल तर तेही होईल तितके सावरावे लागते.

आम्ही गंजात गेलो. दिवाणजी अडत सोडून कधीच घरी बसले होते. पत्ता काढीत त्यांच्या दारी पोहोचलो. ओसरीवर भिंतीला बसवेश्वरांची तसबीर होती. बाराव्या शतकात आजच्या बीदर जिल्ह्यातील कल्याण नगरीत राजा बिज्जळाचा खजिना सांभाळणारे हे महापुरुष. प्रामाणिक श्रम हीच पूजा, ही त्यांची 'कायक' शिकवण आमच्या या भागातल्या घराघरांत ऐकू येते. त्या तसबिरीखाली बसून एका ख्रिस्ती माणसाने आपली चोरी सांगावयाची होती! आमची जीभ जड झाली, पण सांगितले. जक्कयाची आठवण ठेवून चौपट, म्हणजे दोनशे रुपये, त्यांच्यापुढे ठेवले.

दिवाणजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी पन्नास रुपये मोजून घेतले आणि बाकीचे आमच्याकडे सरकविले.

"तम्मा, गेले तेवढे आले. अधिक घेतले तर मी तुझा देणेकरी होईन."

"अण्णा, त्या वेळी तुम्हांला फार त्रास झाला असेल," आम्ही म्हणालो.

"पैसे मी पगारातून भरले. ते काही फार नव्हते. पण त्या संध्याकाळपासून मालकाने पेटीची किल्ली माझ्या हाती दिली नाही. पुढे मी नोकरी सोडीपर्यंत दिली नाही."

वाचकहो, पन्नास रुपये परत करता आले. ती किल्ली कोठून परत करावी? आम्ही म्हणालो, "मी मालकांकडे जाऊन सारे सांगतो." मालक निवर्तले असल्याचे त्यांनी सांगितले. तरीही त्यांच्या परवानगीने आम्ही मालकांच्या मुलाकडे गेलो आणि दिवाणजींचा दोष नव्हता, दोष आमचा होता, हे स्वमुखाने सांगितले. परत येऊन दिवाणजींपुढे हात जोडले. देण्यासारखे आता काहीच उरले नव्हते. मागण्यासारखे मात्र होते. ते एकदम 'जाऊ दे' म्हणाले नाहीत, याबद्दल आम्ही त्यांचे आजही ऋणी आहोत. ते म्हणाले, "राग होता. आज तू आलास, आता राहणार नाही." आणि त्यांनी आत चहा सांगितला.

त्या दिवशी आम्हांस प्रभूच्या दोन सेवकांचा दाखला नव्याने कळला. एकास धन्याने अपरिमित कर्ज सोडले, पण त्याने सोबत्याचे शंभर दिनार सोडले नाहीत. एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. तेव्हा शंभर दिनार ही क्षुल्लक रक्कम नव्हे. तीन महिन्यांहून अधिक दिवसांचा घाम होय. दुसऱ्याने आपणांस केलेली इजा खोटी आहे असे प्रभू म्हणत नाही. ती खरी असूनही सोडावी, असे तो सांगतो. दिवाणजींनी आम्हांस सोडले ते असेच खरे, मोजलेले देणे होते.

म्हणून आमचे सांगणे इतकेच, की जे परत करता येते ते परत करावे, आणि जे परत करता येत नाही त्यासाठी क्षमा मागावी. परत करण्याजोगे घरात ठेवून नुसती क्षमा मागणे ही देवाशी केलेली लबाडी होय. धनी हयात नसेल तर त्याच्या वारसांना द्यावे. कोणीच सापडत नसेल तर गोरगरिबांना द्यावे. उघडपणे देण्याचे धैर्य नसेल किंवा त्यातून अनर्थ ओढवणार असेल, तर आपल्या धर्मगुरूंचा सल्ला घ्यावा. पापनिवेदनात ऐकलेले ते कोणासही सांगू शकत नाहीत.

आणि हे केवळ नोटांविषयी नाही. शेजाऱ्याचा बांध दरवर्षी वीतभर कोरणे, तूर ओली करून काट्यावर चढविणे, दुधात पाणी घालणे, अर्ध्या दिवसाचे निमित्त काढून मजुराची मजुरी कापणे, तिकीट वाचावे म्हणून मुलाचे वय त्याच्यादेखत कमी सांगणे, मागून आणलेले पातेले वर्षभर न परतविणे. हे सारे आपल्या घरोघरचे हिशेब आहेत. मुले आपल्या तोंडून सातवी आज्ञा पाठ करतात, पण तिचा अर्थ ती आपल्या वागण्यातून शिकतात.

यंदाच्या उपवासकाळात पापनिवेदनास जाण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने एक संध्याकाळ बसून त्या वृद्ध धर्मगुरूंचा प्रश्न स्वतःस विचारावा: कोणाचे काय आपल्याकडे राहिले आहे? उत्तर सापडले, तर वेदीकडे जाण्याआधी वाटेत त्या घरी थांबावे. प्रभूनेही देणगी वेदीपुढेच ठेवून आधी भावाशी समेट करण्यास सांगितले आहे.

आमची आई आता नाही. तिच्या अखेरच्या आजारात आम्ही तिला त्या लुगड्याची सारी हकीकत सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली, आणि मग म्हणाली, "दिवाणजींकडे आधी गेलास, ते बरे केलेस. मला सांगून तू मोकळा झाला असतास. ते नसते झाले."