सुपरचार्जरचा खडखडाट आणि घरची दुरुस्ती : कुठे हात घालावा, कुठे थांबावं

अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात जुन्या सुपरचार्जरवाल्या गाड्या आजही मोठ्या हौसेनं चालवल्या जातात. त्यातलं फार ओळखीचं इंजिन म्हणजे जनरल मोटर्सचं 3.8 लिटरचं व्ही-6, 'एल 67'. 1990च्या दशकाच्या मध्यापासून 2005पर्यंत ते पाँटिअ‍ॅक ग्रां प्री, ब्यूक रीगल, ब्यूक पार्क अ‍ॅव्हेन्यू अशा गाड्यांत बसलं. ऑस्ट्रेलियात होल्डन कमोडोरमध्येही हेच कुटुंब होतं. 240 अश्वशक्तीच्या या इंजिनावर ईटन कंपनीचा 'एम 90' सुपरचार्जर असतो. गाडी लाखभर मैल धावली, की त्याच्या ड्राइव्हमधून खडखड ऐकू येऊ लागते. गॅरेजवाला अख्खं युनिट बदलायचं म्हणतो, खर्च काही शे डॉलरांत जातो आणि मालक घरीच पाना हातात घेतो.

त्यात गैर काहीच नाही. हा ड्राइव्ह घरी दुरुस्त होतो आणि पैसेही वाचतात. पण या दुरुस्तीभोवती इतके गैरसमज आहेत, की वीस-तीस डॉलरांच्या भागासाठी उघडलेलं यंत्र कायमचं निकामी झाल्याची उदाहरणं कमी नाहीत. म्हणून आधी रचना समजून घेऊ.

क्रँकशाफ्टवरून पट्टा पुलीला फिरवतो. पुलीचा शाफ्ट पुढच्या नळकांड्यासारख्या भागात, म्हणजे स्नाउटमध्ये, बेअरिंगवर बसलेला असतो. शाफ्टच्या मागच्या टोकाला तीन पिना असतात. रोटरच्या गिअरवरही तीन पिना असतात. दोहोंच्या मध्ये सहा भोकांची एक चकती असते. ती कपलर. तिच्यातून एक रोटर फिरतो आणि टायमिंग गिअरमधून दुसरा. गिअर आणि कपलर ज्या पोकळीत असतात तिथे त्यांचं स्वतंत्र तेल असतं. रोटरच्या पोकळीत तेल नसतं, तिथून फक्त हवा जाते. फिलँडर आणि फ्रान्सिस या रूट्स बंधूंनी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात 1860मध्ये पेटंट घेतलेल्या ब्लोअरचंच हे वंशज आहे.

गैरसमज 1 : खडखड सुरू झाली म्हणजे सुपरचार्जर संपला.

वस्तुस्थिती : गाडी स्लोवर असताना खडखड आणि जरा रेस दिली की आवाज गायब, असं असेल तर संशयित बहुतेक वेळा कपलरच. व्ही-6 इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात तीन स्फोट होतात, त्यामुळे स्लोवर शाफ्ट एकसारखा फिरत नाही, हिसके देत फिरतो. त्याच वेळी बायपास झडप उघडी असल्यामुळे रोटरवर हवेचा भार जवळजवळ नसतो. मग पिना झिजलेल्या भोकांत पुढे-मागे आपटत राहतात. रेस दिली की हिसके सौम्य होतात, भार येतो आणि पिना एका बाजूला टेकून राहतात.

वेगाबरोबर चढत जाणारी घरघर हे बेअरिंगचं लक्षण असतं. खात्री करायला या इंजिनात एक सोय आहे : सुपरचार्जरचा पट्टा वेगळा असतो. तो काढून इंजिन अगदी थोडा वेळ चालवावं. आवाज थांबला तर दोष सुपरचार्जरकडे, नाही तर शोध दुसरीकडे. मग इंजिन बंद करून पुली हातानं फिरवावी आणि हलवून पाहावी. वर-खाली प्ले लागला किंवा फिरताना खरखर जाणवली, तर बेअरिंग गेलेलं आहे.

ही पट्टा काढायची युक्ती प्रत्येक गाडीला लावू नये. 2006पर्यंतच्या पहिल्या पिढीच्या मिनी कूपर एस गाडीत पाण्याचा पंप सुपरचार्जरच्याच मागच्या टोकावरून फिरतो. तिथे सुपरचार्जर थांबला की इंजिन थंड ठेवणारं पाणीही थांबतं.

गैरसमज 2 : आतलं तेल आयुष्यभरासाठी असतं, बूच उघडायची गरज नाही.

वस्तुस्थिती : एल 67 इंजिनाच्या गाड्यांच्या वेळापत्रकातच दर 30,000 मैलांना, म्हणजे साधारण 50,000 किलोमीटरला, सुपरचार्जरचं तेल तपासायला सांगितलं आहे. बहुतेक मालक ते पान उलटतच नाहीत. तेल सीलमधून हळूहळू कमी होतं, उष्णतेनं काळवंडतं आणि त्यात कपलरचा भुगा मिसळतो.

मिनी कूपरमध्ये हा समज जास्तच महागात पडतो. तिच्या सुपरचार्जरमध्ये दोन्ही टोकांना तेलाच्या वेगवेगळ्या पोकळ्या आहेत आणि मागच्या पोकळीतले गिअर पाण्याचा पंप फिरवतात. ते तेल सुकलं की गिअरचे दात झिजतात, पंप थांबतो आणि सुपरचार्जर ठणठणीत वाटत असतानाच इंजिन तापतं. जुनी गाडी घेणाऱ्याला हे माहीत असलंच पाहिजे.

गैरसमज 3 : तेल ते तेल, इंजिन ऑइल घातलं तरी चालतं.

वस्तुस्थिती : इंजिनाच्या तेलाचा या पोकळीशी काही संबंध नाही. इथे सुपरचार्जरसाठीच बनवलेलं सिंथेटिक तेल लागतं आणि ते छोट्या बाटलीत मिळतं. इंजिन काही हजार मैलांची धूळ खाऊन तेल बदलून घेतं, इथलं तेल मात्र वर्षानुवर्षं तेच राहतं आणि रोटर क्रँकच्या जवळपास दुप्पट वेगानं फिरत असतात. जास्तीचं तेल हीसुद्धा चूकच. गाडी सपाट जागी, इंजिन पूर्ण थंड आणि तेल बुचाच्या भोकाच्या आट्यांच्या खालच्या कडेपर्यंत, एवढाच नियम. एम 90ला तेल सोडायचं खालचं बूच नाही. जुनं तेल वरच्या भोकातून सिरिंजला बारीक नळी लावून ओढून काढावं लागतं.

हे काढलेलं तेल टाकून देण्याआधी पांढऱ्या कागदावर दोन थेंब सोडून उन्हात पाहावं. वास इतका उग्र असतो की एकदा हुंगल्यावर पुन्हा ओळखायला चूक होत नाही. नुसता काळपट रंग आणि प्लॅस्टिकचा भुगा दिसला तर कपलर झिजतो आहे. कागद तिरपा केल्यावर थेंबात धातूची चकाकी सरकताना दिसली, तर गिअर किंवा बेअरिंग झिजत आहेत. पुढचा सगळा निर्णय या दोन थेंबांवर घेता येतो.

गैरसमज 4 : रोटरवर तेल दिसलं म्हणजे आतलं सील फुटलं.

वस्तुस्थिती : इंजिनाच्या क्रँककेसमधली वाफ पीसीव्ही झडपेतून परत हवेच्या वाटेत येते आणि तिच्याबरोबर इंजिन ऑइलचा पातळ थर रोटरवर बसतो. जुन्या इंजिनात हे नेहमीचंच. खरा पुरावा पातळीत असतो. सुपरचार्जरचं तेल थंड इंजिनावर पुन:पुन्हा तपासल्यावर कमी होत असेल आणि पुलीमागे बाहेर फवाऱ्यासारखा डागही नसेल, तर ते आत, रोटरकडे जात आहे. पुलीमागे डाग असेल तर स्नाउटचं पुढचं सील गेलं आहे, आणि ते घरी बदलण्यासारखं आहे.

गैरसमज 5 : प्लॅस्टिकचा कपलर हीच कंपनीची कंजुषी, लोखंडी बसवला की कटकट संपली.

वस्तुस्थिती : कपलर मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. विजेच्या पेटीतला फ्यूज जसा वायरिंग वाचवायला स्वतः जळतो, तसा हा गिअर आणि बेअरिंग वाचवायला स्वतः झिजतो. इंजिनाचे हिसके तो गिळतो. धातूची कडक चकती बसवली की तेच हिसके थेट टायमिंग गिअरच्या दातांवर जातात. बाजारात नायलॉनच्या जातीचे पक्के कपलर मिळतात, ते झिजायला वेळ घेतात आणि थोडं लवचीकही असतात. तेच घ्यावेत.

जुना कपलर हातात घेऊन पाहण्यासारखा असतो. नव्याची सहाही भोकं गोल असतात आणि पिन त्यात दाबूनच शिरते. झिजलेल्याची भोकं एका दिशेला लांबट, अंड्याच्या आकाराची झालेली असतात. पिन आत घातली की बाजूला जागा उरते, कडा चकचकीत झालेल्या असतात आणि कोपऱ्यांत काळं, चिकट वंगण साचलेलं असतं.

गैरसमज 6 : स्नाउट काढायचा म्हणजे बोल्ट खोलून टॉमीनं उचकटायचा.

वस्तुस्थिती : एवढ्या एका घाईत सर्वांत जास्त नुकसान होतं. स्नाउट आणि मागचं घर, म्हणजे रोटरचं हाउसिंग, यांच्यात गास्केट नसून सिलंट असतं आणि ते वर्षांनी घट्ट धरतं. जोडाचे दोन्ही पृष्ठभाग अ‍ॅल्युमिनिअमचे असतात. त्यात स्क्रू-ड्रायव्हर घुसवला की ओरखडा पडतो आणि तिथूनच नवं तेल गळतं. उचकटण्यासाठी घरावर ठेवलेल्या उंचवट्यांवरच जोर द्यावा, एकदा एका बाजूनं, एकदा दुसऱ्या बाजूनं.

जुनं सिलंट खरवडताना आतल्या पोकळीत धागे न सुटणारं कापड कोंबावं. ड्रिलला लावायची घासणारी चकती किंवा पॉलिश पेपर इथे वापरू नये. त्याचे बारीक कण बेअरिंगमध्ये शिरतात आणि नवं बेअरिंगही खातात. प्लॅस्टिकची पट्टी आणि क्लीनर यांना वेळ लागतो, पण काम नीट होतं.

फक्त कपलर बदलायचा असेल तर पुली काढायची गरजच नाही. बेअरिंग आणि सील बदलायचं असेल तरच ती काढावी लागते, आणि ती शाफ्टवर प्रेस-फिट असते. तिला हातोडा लावायचा नाही. घाव बेअरिंगच्या गोळ्यांवर पोहोचतो आणि रिंगवर खळगे पडतात. पुलीसाठी योग्य पुलर भाड्यानं आणावा. नवं बेअरिंग दाबताना जोर ज्या रिंगवर ते घट्ट बसतं तिच्यावरच द्यावा, आणि पुली परत दाबताना शाफ्टला मागून आधार द्यावा. हे साधन नसेल तर स्नाउट तेवढा लेथवाल्याकडे किंवा मशीन शॉपमध्ये न्यावा.

गैरसमज 7 : उघडलंच आहे तर गिअर आणि रोटरही खोलून साफ करू.

वस्तुस्थिती : इथे थांबावं. दोन रोटर एकमेकांना आणि घराला न शिवता, मिलिमीटरच्या अंशाइतक्या फटीत फिरतात. ती फट राखण्याचं काम टायमिंग गिअर करतात. ते शाफ्टवर दाबून बसवलेले असतात आणि त्यांची जागा कारखान्यात ठरवलेली असते. गिअर काढून अंदाजानं परत बसवले, की रोटरच्या पाकळ्या एकमेकींना घासतात, रोटरवरचा लेप उडतो आणि त्याचे कण थेट सिलिंडरमध्ये जातात. तेलात धातूची चकाकी असेल, गिअरचे दात खाल्लेले दिसत असतील किंवा रोटरवर घासल्याच्या रेघा असतील, तर ते काम जिग आणि मापं असलेल्या कारागिराचं आहे.

गैरसमज 8 : आता पुली बदलतोच आहे, तर छोटी बसवून ताकदही वाढवू.

वस्तुस्थिती : छोट्या पुलीनं रोटर जास्त वेगानं फिरतात, हवा जास्त दाबली जाते आणि जास्त तापते. इंधन आणि इग्निशन त्या मानानं जुळवलं नाही, तर इंजिन नॉक करतं आणि पिस्टन धोक्यात येतात. नुकत्याच दुरुस्त केलेल्या ड्राइव्हवर वाढीव भार पडतो तो वेगळाच. दुरुस्ती आणि ट्युनिंग ही दोन स्वतंत्र कामं आहेत.

पुण्यात जोडल्या गेलेल्या मर्सिडीज सी-क्लासच्या 'कॉम्प्रेसर' गाड्या आपल्याकडेही वापरात आहेत आणि त्याही आता जुन्या झाल्या आहेत. तत्त्व तेच असलं तरी रचना मॉडेलनुसार बदलते. काही जुन्या कॉम्प्रेसर गाड्यांच्या पुलीत विजेवर चालणारा क्लचही असतो आणि आवाज त्याचाही असू शकतो. म्हणून आपल्या गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल मिळाल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नये.

काम संपल्यावर पट्टा चढवण्याआधी पुली हातानं पूर्ण फिरवावी. कुठेही अडता कामा नये. सिलंट वाळायला त्याच्या डब्यावर लिहिलेला वेळ द्यावा, मगच तेल भरावं. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पातळी पुन्हा पाहावी.

पैसे खरे वाचतात ते वेळेवर ऐकण्यानं. खडखड पहिल्यांदा कानावर आली त्या महिन्यात कपलर आणि तेल बदललं, तर खर्च किरकोळ राहतो आणि सुट्टीच्या एका दिवसात काम होतं. तीच खडखड रेडिओचा आवाज वाढवून वर्षभर चालवली, तर पिना, गिअर आणि बेअरिंग पाठोपाठ झिजतात, आणि मग ती दुरुस्ती घरची उरत नाही. स्नाउट, कपलर, पुढचं सील आणि तेल हे काळजीपूर्वक काम करणाऱ्या माणसाच्या हातातलं आहे. रोटर आणि टायमिंग गिअर नाहीत. ही हद्द पाळली तर हे सुपरचार्जर पुढची अनेक वर्षं साथ देतात.